ट्रेलर कापण्यापूर्वी मागाचे ठोके मोजा

प्रश्न : आम्ही बेळगावातील एका महाविद्यालयाचे पाच विद्यार्थी आहोत. वडगावातल्या एका विणकर आजोबांवर आम्ही २२ मिनिटांचा लघुपट केला आहे. आजोबांना ऐकू कमी येते, नातीला पुण्याला शिकायला जायचे आहे आणि शेवटी घरातला यंत्रमाग भंगारात जातो, अशी कथा आहे. आजोबांची भूमिका आमच्याच एका मित्राच्या आजोबांनी केली असून ते खरोखरचे विणकर आहेत आणि त्यांनाही ऐकू कमीच येते. (माग थांबला की ते मान वर करतात, असा ११ सेकंदांचा एक शॉट आहे; लघुपटात तो कुठे बसवावा हे अजून ठरलेले नाही.) भंगारवाल्याचे संवाद कन्नडमध्ये आहेत, त्यांवर मराठी आवाज चढवण्याचा विचार आहे. १८ दिवसांनी स्नेहसंमेलनात दीड मिनिटाचा ट्रेलर दाखवायचा आहे आणि त्यावरून आमच्यात भांडण जुंपले आहे. एकाला सगळी कथा थोडक्यात दाखवायची आहे, दुसऱ्याला झपाझप कट आणि ढोल हवेत, तिसऱ्याने एक गाजलेले सिनेगीत खाली लावूनही टाकले आहे. संकलन माझ्याकडे आहे. चित्रीकरण दोन मोबाइल आणि एका उसन्या कॅमेऱ्यावर झाले आहे. सुरुवात कुठून करावी?
– गोंधळलेला संकलक, वडगाव

उत्तर :

सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र वाचताना मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट तुम्ही कंसात, जाता जाता लिहिली होती. आजोबांना माणसाचे बोलणे नीट ऐकू येत नाही, पण शेजारच्या खोलीतला माग थांबला की ते तळपायाला कळते आणि ते मान वर करतात, असा एक शॉट तुमच्याकडे आहे. तो ११ सेकंदांचा आहे आणि ‘लघुपटात तो कुठे बसवावा हे अजून ठरलेले नाही’ असेही तुम्ही लिहिले आहे. लघुपटाचे तुम्ही बघून घ्या. ट्रेलरपुरते सांगायचे तर हा शॉट हाच तुमचा ट्रेलर आहे आणि बाकीची ऐंशीएक सेकंदे त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी आहेत.

आता भांडणाकडे वळतो. सगळी कथा सांगू पाहणारा तुमचा मित्र एक समजूत धरून बसला आहे, की ट्रेलर म्हणजे लघुपटाचा सारांश. सारांश ऐकलेल्या माणसाला मूळ गोष्ट पाहण्याची गरज उरत नाही. ट्रेलरने प्रेक्षकाच्या मनात एक प्रश्न सोडायचा असतो, आणि तोही एकच. (मूळ शब्दाचा अर्थ ‘मागून येणारा’ असा आहे. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत या जाहिराती मुख्य चित्रपट संपल्यावर दाखवत, म्हणून त्यांना हे नाव पडले. गळीत हंगामात चिकोडी-रायबागच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रेलर बघणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावे लागणार नाही. पुढे ते चित्रपटाच्या आधी आले, नाव मात्र तेच राहिले.) तुमच्या कथेतला प्रश्न मला असा दिसतो : हा माग आता कोण चालवणार? माग भंगारात जातो हे त्याचे उत्तर आहे, म्हणून तो वजनकाट्याचा शॉट कितीही चांगला वठला असला, तरी ट्रेलरमध्ये त्याची एक फ्रेमही दिसता कामा नये. भंगारवाला दिसू द्या. त्याचा टेम्पो दारात उभा राहू द्या. काटा नको.

ढोल मागणाऱ्या मित्राला लय हवी आहे, आणि त्याची मागणी योग्य आहे. फक्त ती बाहेरून आणण्याचे कारण नाही. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत वाढलेल्या मुलाने लयीसाठी ढोलाच्या आयत्या फायली उतरवून घ्याव्यात, याचे मला नवल वाटले. दिवसभर मिनिटामिनिटाला ठोके देणारे वाद्य तुमच्या लघुपटाच्या मधोमध उभे आहे.

म्हणून पहिले काम संगणकावर करू नका. मागाचे तुमच्याकडे असलेले ध्वनिमुद्रण ऐका आणि घड्याळ लावून एका मिनिटात धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा मागाचा भाग) किती वेळा फेकला जातो ते मोजा. समजा तो आकडा १५० आला. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेमची, म्हणजे २५ स्थिर चित्रांची, टाइमलाइन (संगणकावरची संकलनाची पट्टी) धरली, तर मिनिटाच्या १५०० फ्रेम होतात, म्हणजे एका ठोक्याच्या वाट्याला १० फ्रेम येतात. हा हिशेब हातात आला की कामाचे स्वरूपच बदलते, कारण मग ‘हा शॉट किती वेळ ठेवू’ असा अंदाजपंचे प्रश्न उरत नाही, ‘हा शॉट किती ठोके ठेवू’ असा प्रश्न उरतो. ९० सेकंदांचा ट्रेलर म्हणजे २२५ ठोके. तुमचा आकडा १४० किंवा १६० आला, तर एका ठोक्याच्या फ्रेम अपूर्णांकात येतील. अशा वेळी टाइमलाइनवर आवाजाच्या लाटेचे चित्र मोठे करून प्रत्येक चौथ्या ठोक्यावर खूण करत जा, म्हणजे गणिताची चूक साचत नाही.

या २२५ ठोक्यांची वाटणी मी स्वतः करत असतो, तर पुढीलप्रमाणे केली असती. पहिल्या २० सेकंदांत ५० ठोके आणि जेमतेम पाच शॉट. त्यात घाई अजिबात नको. चित्र काळे असतानाच गल्लीतून येणारा मागाचा दबका आवाज सुरू व्हावा, मग गल्ली दिसावी, मग दार, मग कांड्या (धाग्याच्या नळ्या) भरणारे आजीचे हात, आणि प्रत्येक कटाबरोबर आवाज जवळ यावा. पुढच्या ४० सेकंदांत, म्हणजे १०० ठोक्यांत, माणसे बोलतात : नात, तिची आई, भंगारवाला. येथे मागाचा आवाज संवादाखाली दबलेला असतो, पण तुटलेला नसतो. त्यानंतरची १० सेकंदे झपाझप कटांची आहेत, ती तुमच्या मित्राला देऊन टाका. या २५ ठोक्यांत चार शॉट प्रत्येकी चार ठोक्यांचे, तीन शॉट प्रत्येकी दोन ठोक्यांचे, आणि उरलेले तीन ठोके नुसत्या धोट्यावर. मग माग थांबतो. आजोबा मान वर करतात. तो शॉट आठ सेकंद तसाच धरून ठेवा, त्यात एकही कट नको. शेवटच्या १२ सेकंदांत एखादा संवाद, लघुपटाचे नाव आणि स्नेहसंमेलनातील वेळ.

आठ सेकंद फार होतात असे तुमच्या चमूतले कोणीतरी नक्की म्हणेल. तेथे नमते घेऊ नका. आधीच्या १० सेकंदांत डोळ्याला १.६ आणि ०.८ सेकंदाच्या शॉटची सवय लावली, म्हणूनच या आठ सेकंदांना वजन येते. झपाझप कटांचे काम तेवढेच आहे.

येथे माझ्याच सांगण्याला एक मर्यादा घालायला हवी. वॉल्टर मर्च या नामवंत अमेरिकन संकलकाने चांगल्या कटाचे सहा निकष सांगितले आहेत आणि त्यांना वजनेही दिली आहेत. त्यांत भावनेला ५१ टक्के, कथेला २३ टक्के आणि लयीला अवघे १० टक्के दिले आहेत. म्हणजे ठोक्यावर बिनचूक कट करणे हे एकूण कामाच्या दहाव्या हिश्श्याचे कौशल्य आहे. नात ‘मी जाऊ ना, आजोबा?’ असे विचारते आणि तिचा ओठ किंचित थरथरतो, तो थरथरण्याचा क्षण ठोक्यानंतर चार फ्रेमने येत असेल, तर ठोका सोडा आणि थरथर ठेवा. ठोक्यावर कट करतानाही मी चित्र एक-दोन फ्रेम आधी बदलतो, कारण नवे चित्र ओळखायला डोळ्याला थोडा अवधी लागतो. नेमक्या ठोक्यावर बदललेले चित्र पुष्कळदा उशिरा आल्यासारखे भासते. तुमच्या चित्रांवर दोन्ही करून पाहा.

आता आवाजाविषयी, कारण तुमचा ट्रेलर बसला तर त्याच्यावरच बसेल. तुम्ही मोबाइलवर मागाजवळ केलेले ध्वनिमुद्रण फाटलेले असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे. यंत्रमागाच्या खोलीतला गोंगाट मोबाइलच्या लहानशा मायक्रोफोनला झेपत नाही आणि लाटेची टोके सपाट कापली जातात. एकदा कापलेला आवाज नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही. तेव्हा एका सकाळी पुन्हा त्या घरी जा आणि चित्राशिवाय नुसता आवाज तीन ठिकाणांहून घ्या : गल्लीच्या तोंडाशी उभे राहून, बंद दाराबाहेरून, आणि खोलीत, पण मागापासून शक्य तितके लांब, कोपऱ्यात. प्रत्येकी दोन मिनिटे पुरेत. याशिवाय माग बंद करायला सांगून त्याच खोलीतली शांतता एक मिनिटभर मुद्रित करा. ही शांतता विसरू नका.

ती का हवी, हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका माहितीपटाच्या ट्रेलरमध्ये मी सहा सेकंद आवाज साफ शून्यावर ठेवला होता आणि त्या धाडसावर मी स्वतःच खूश होतो. सभागृहात ती सहा सेकंदे आली तेव्हा ध्वनियंत्रणेवर बसलेल्या गृहस्थांना वाटले की वायर निघाली, म्हणून त्यांनी आवाजाची खुंटी पुरती वर नेली. सातव्या सेकंदाला घंटा होती. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी अक्षरशः कान झाकले. माग थांबल्यावर तुमच्या सभागृहात खरी शांतता पसरायला हवी असेल, तर त्या खोलीतला पंखा, बाहेरचा कावळा, आजोबांचा श्वास हे सारे हलकेच खाली राहू द्या. निव्वळ शून्य प्रेक्षकाला बिघाडासारखे वाटते.

संवादाच्या ४० सेकंदांसाठी दोन तंत्रे पुरतात आणि दोन्ही तुम्हाला ठाऊक असतील. पुढच्या शॉटचा आवाज चित्राच्या आधी सुरू करणे म्हणजे जे-कट आणि मागच्या शॉटचा आवाज पुढच्या चित्रावर रेंगाळू देणे म्हणजे एल-कट. टाइमलाइनवर ध्वनी आणि चित्र मिळून जो आकार दिसतो, त्यावरून ही नावे पडली. तुमच्याकडे जे-कटासाठी एक सुंदर जागा आहे. आजी कांड्या भरत असताना तिच्या हातांवरच भंगारवाल्याचे ‘एष्टक्के कोड्तीरि?’ (केवढ्याला देता?) ऐकू यावे. माणूस अजून दिसलेला नाही, पण घरात कोणीतरी परके आले आहे आणि ते किंमत विचारत आहे, एवढे कळते. त्यानंतर तो दिसावा, आणि आजोबांचे ‘तुम्हीच सांगा’ हे उत्तर मात्र नातीच्या चेहऱ्यावर पडावे.

त्या कन्नड वाक्यावर मराठी आवाज चढवण्याचा विचार तुमच्या पत्रात आहे. कृपया तसे करू नका. कन्नडमध्ये विचारणे आणि मराठीत उत्तर देणे हे आपल्या बाजारपेठेत रोज घडते, आणि ते जसेच्या तसे दाखवणारे चित्र आपल्याकडे कमीच निघते. सभागृहातही दोन्ही भाषा बोलणारे बसलेले असतील. मराठी संवादाखाली कन्नड आणि कन्नड संवादाखाली मराठी ओळ द्या. ओळ किती वेळ ठेवावी हे ठरवण्याची माझी पद्धत साधी आहे. ती सावकाश, मोठ्याने एकदा वाचायची आणि तेवढा वेळ ती पडद्यावर ठेवायची. तेवढा वेळ शॉटमध्ये नसेल, तर ओळ छाटावी. दोन ठोक्यांच्या शॉटवर ओळ घालण्याच्या फंदात पडू नये.

लिप्यांचा विषय निघालाच आहे, तर लघुपटाच्या नावाच्या पाटीबद्दलही सांगतो. काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी आणि कन्नड जोडाक्षरे फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, आणि हे निर्यात झाल्यावर लक्षात येते. प्रीमिअर वापरत असाल, तर त्याच्या काही आवृत्त्यांत ‘प्रेफरन्सेस’मध्ये अक्षरयंत्रणा (टेक्स्ट इंजिन) दक्षिण आशियाई लिप्यांची निवडावी लागते. एवढे करूनही शंका वाटली, तर इंकस्केपसारख्या चित्रप्रणालीत पाटी तयार करून ती पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी चित्राच्या रूपात आणणे हा खात्रीचा मार्ग आहे. अक्षरवळण (फाँट) दोन्ही लिप्यांत एकाच घराण्यातले असावे : नोटो सॅन्स दोन्ही लिप्यांत मिळतो, आणि ‘एक टाइप’ या अक्षररचना करणाऱ्या संस्थेच्या बलू कुटुंबात देवनागरीसाठी बलू तर कन्नडसाठी बलू तम्मा आहे. दोन्ही विनामूल्य आहेत. दोन्ही लिप्यांतली अक्षरे डोळ्याला सारख्याच आकाराची दिसायला हवीत, नुसता आकडा सारखा ठेवून भागत नाही. आपल्या गावात पाटीवरचे कोणते अक्षर लहान आणि कोणते मोठे यावरून काय काय होऊ शकते, ते तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता.

सिनेगीत काढून टाका. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, आणि ट्रेलर समाजमाध्यमावर चढवताच तो आवाज ओळखला जाऊन चित्रफीत मूक होण्याची किंवा अडवली जाण्याची शक्यता असते. त्याहून मोठे कारण असे, की ओळखीचे गाणे आपल्या आठवणी घेऊन येते आणि तुमच्या आजोबांकडे कोणी पाहत नाही. संगीत हवेच असेल, तर आजींना एखादी पारंपरिक ओवी गुणगुणायला सांगा आणि ती त्यांच्या संमतीने तुम्हीच मुद्रित करा. परंपरेने आलेली ओवी कोणाच्या मालकीची नसते, पण तिचे दुसऱ्याने केलेले मुद्रण त्याच्या मालकीचे असते, हा भेद लक्षात ठेवा.

मान वर करण्याच्या त्या शॉटनंतर काय जोडायचे, यावर मी तुमच्या जागी एक अख्खी दुपार घालवली असती. शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह यांनी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा आळीपाळीने सुपाची थाळी, शवपेटी आणि एक स्त्री यांच्याशी जोडून दाखवला आणि प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर भूक, शोक आणि अभिलाषा दिसली, असे सांगितले जाते. तुमच्या आजोबांच्या चेहऱ्याचेही तसेच होणार आहे. पुढे टेम्पो जोडला, तर तो चेहरा घाबरलेला दिसेल. नातीची बॅग जोडली, तर तो समजूतदार दिसेल. रिकामी गल्ली जोडली, तर तो एकटा दिसेल. माझा कल बॅगेकडे आहे, कारण टेम्पो आधीच येऊन गेलेला आहे आणि ‘कोण चालवणार’ या प्रश्नाची खरी धार नातीच्या जाण्यात आहे. तरी तिन्ही प्रकार प्रत्यक्ष जोडून, एकेक दिवसाच्या अंतराने पाहा.

तांत्रिक बाबतीत एकाच गोष्टीने तुमची झोप उडू शकते, ती म्हणजे फ्रेमचा वेग. मोबाइल बहुधा सेकंदाला ३० फ्रेमने आणि तेही कमीजास्त वेगाने टिपतो. उसना कॅमेरा २५ वर असेल. कमीजास्त वेगामुळे संवाद ओठांपासून हळूहळू सरकत जातो. म्हणून मोबाइलच्या सर्व फायली संकलनापूर्वीच हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून स्थिर वेगाच्या करून घ्या. पुष्कळजण ३० चा शॉट २५ च्या टाइमलाइनवर हळू करून, फ्रेमला फ्रेम लावून बसवतात. गल्ली, हात, आकाश यांना ते छान शोभतेही. पण चालत्या मागाच्या शॉटवर तो प्रयोग केला, तर १५० चा माग डोळ्याला १२५ चा दिसेल आणि कानाला १५० चाच ऐकू येईल. मागाचे शॉट मूळ वेगातच ठेवा. सॉफ्टवेअर म्हणून दा विंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती तुमच्या कामाला पुरून उरेल. संगणक अडखळत असेल तर तिच्यातच हलक्या, म्हणजे प्रॉक्सी फायली बनवून त्यांवर काम करा.

१८ दिवसांपैकी पहिले चार कागदाला द्या. प्रत्येक निवडक शॉटसाठी एक चिठ्ठी करा. तिच्यावर शॉटमध्ये काय दिसते, काय ऐकू येते आणि तो किती ठोके टिकू शकतो, एवढेच लिहा. मग पाचही जणांनी जमिनीवर बसून त्या चिठ्ठ्या लावाव्यात. संगणकावर भांडताना माऊस ज्याच्या हातात तो जिंकतो. चिठ्ठ्या सगळ्यांच्या हाताशी असतात. पुढच्या आठवड्यात कच्चा ट्रेलर तयार होईल. तो लघुपटाविषयी काहीच माहीत नसलेल्या तीन-चार जणांना दाखवा आणि ‘आवडला का’ असे न विचारता ‘आता काय जाणून घ्यावेसे वाटते’ असे विचारा. ‘माग विकला ना?’ असे कोणी म्हणाले, तर तुम्ही उत्तर फोडले आहे. स्नेहसंमेलनाच्या आधी तीन दिवस ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन त्याच सभागृहात, त्याच यंत्रणेवर लावून पाहा, आणि ध्वनियंत्रणेवर बसणाऱ्या माणसाला आठ सेकंदांच्या शांततेची आगाऊ कल्पना द्या.

त्याही आधी मात्र ट्रेलर आजोबांकडे घेऊन जा. त्यांना संवाद ऐकू येणार नाहीत, हरकत नाही. स्पीकर जमिनीवर ठेवा. त्यांच्या मागाच्या चित्राखाली तुम्ही चुकून दुसऱ्याच मागाचा आवाज लावला असेल, तर सभागृहात ते कोणाच्या लक्षात येवो न येवो, त्यांच्या तळपायांना ते कळेल आणि ते तुम्हाला तसे सांगतील.